मिठाची बाल्दी

डॉ. सुमंगला मांद्रेकर यांना कोणी "मॅडम, नक्की का?" असं विचारलं, की त्या चष्मा काढत, पदराने पुसत, परत नाकावर चढवत आणि म्हणत, "नक्की नसतं तर मी तोंड उघडलं असतं का?" सहकारी त्यांना पाठीमागे 'नक्कीबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एवढा भरवसा त्यांना आयता मिळाला नव्हता. पेडण्याच्या शेतकरी घरातली ही मुलगी. आई वायंगणाची, म्हणजे हिवाळ्यात लावायच्या भाताची लावणी करून घरी आली, की गुडघ्यापर्यंत पाय लाल व्हायचे आणि ती ते नखांनी रक्त येईस्तोवर ओरबाडायची. शेजारणींनी निदान करून ठेवलं होतं: राखणदाराचा, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाचा, नारळ चुकला. आईने तीन वर्षं नारळ दिला. खाज काही हटली नाही. चौथ्या वर्षी तिने वायंगणच सोडलं, आणि शेतात कमरेएवढं गवत माजलं. आपल्याच हातून देवाचं काहीतरी चुकलं, हे मात्र आईच्या मनातून कधी गेलं नाही. सुमंगला तेव्हा नववीत होती. राखणदाराचा आणि पायांचा संबंध काय, हे तिला कोणी सांगेना, म्हणून ती स्वतः शेतात उतरली, तिच्याही पायांना खाज सुटली, आणि तिने तिथलं पाणी लोणच्याच्या बरणीत भरून शाळेत नेलं. सरांनी बरणी रिकामी करून धुऊन परत दिली.

उत्तर तिला पुण्यात पीएचडी करताना सापडलं. शेतात एक चपटी, चकलीसारखी वळलेली शंखी असते. तिच्या पोटात एक कृमी वाढतो आणि सकाळचं ऊन पडलं की हजारोंनी पाण्यात बाहेर पडतो. डोळ्यांना न दिसणारा, शेवटाला शेपूट दुभंगलेला. त्याला हवी असते म्हैस. पाण्यात म्हशीऐवजी माणसाचा पाय भेटला तर तो घाईत त्याच कातडीत घुसतो आणि तिथेच मरतो. खाज असते ती त्या मेलेल्या कृमीची. पुढे दोन वर्षं स्कॉटलंडमध्ये राहून सुमंगलाबाई डीएनएवरून हे कृमी ओळखायला शिकल्या आणि गोव्यात परतल्या. "गुरांच्या कृमीत काय ठेवलंय, मलेरिया घे," असं साहेब म्हणाले. त्यांनी मलेरियाही घेतला आणि कृमीही सोडला नाही. असं करत एकतीस वर्षं गेली, सेहेचाळीस शोधनिबंध झाले. ज्यांचे पाय खाजतात त्यांच्यापैकी एकीनेही त्यातला एकसुद्धा वाचलेला नाही, हे सुमंगलाबाई स्वतःच हसत सांगायच्या. पण निवृत्तीला आठ महिने उरल्यावर त्यांना त्याचं हसू येईनासं झालं होतं.

नेमकं तेव्हाच डिचोली तालुक्यातल्या आंबेव्हाळाचं प्रकरण समोर आलं.

आंबेव्हाळच्या वर डोंगरात एक बंद पडलेली खाण होती. तिचा खड्डा पाण्याने तुडुंब भरलेला. दोन वर्षांपूर्वी त्यावर पंप बसवला, पाटाने पाणी खाली आलं आणि कित्येक वर्षं ओसाड पडलेल्या शेतांत वायंगण उभं राहिलं. आणि त्याच हिवाळ्यापासून बायकांचे हातपाय खाजायला लागले. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. दुसऱ्या वर्षी दोडामार्गाकडून लावणीला येणाऱ्या बायांनी येणंच बंद केलं. तिसऱ्या वर्षी वाड्याचा, म्हणजे त्या वस्तीचा, पंच रुद्रेश याने ठरवलं, की रविवारी देवळात सगळ्यांना बोलवायचं आणि पंप कायमचा बंद करायचा. खाणीचं पाणी विषारी आहे, यात त्याला शंका नव्हती. पाण्याचे अहवाल दोनदा चांगले आले होते, पण खाणीवाल्या मुलखात कागदावर विश्वास ठेवायचे दिवस कधीच संपले होते. लोकांचा राग फुकटचा नव्हता, हे सुमंगलाबाईंनाही मान्य होतं.

पण पंप बंद झाला की वायंगण संपलं, आणि एकदा गवत माजलं की काय होतं ते त्यांनी आपल्या घरी बघितलं होतं. म्हणून त्या गुरुवारीच आंबेव्हाळला जाऊन आल्या. बरोबर हर्षा होती. हर्षा ही त्यांच्या प्रयोगशाळेतली डीएनएची जाणकार, तिशीची, बोलायला कमी आणि हाताला पक्की. दोघींनी सर्वांत जास्त खाजणाऱ्या शेतातून, म्हणजे बाबली नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातून, तीस शंख्या वेचल्या. शनिवारी हर्षाने निकाल दिला: तिसांतल्या अकरा शंख्यांत कृमीचा डीएनए.

"झालं तर मग," हर्षा म्हणाली.

"कागद दाखवून काही होत नाही गं तिथे," सुमंगलाबाई म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्यांसमोर बाहेर काढायचा त्याला."

इथे त्यांच्याकडून एक चूक झाली. शंख्या नेहमी स्वतःच्या हाताने वेचायच्या, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. पण शनिवारी पणजीत त्यांचं व्याख्यान होतं. त्यांनी बाबलीला फोन केला आणि सांगितलं, की चाळीसेक चपट्या शंख्या वेचून बाल्दीत ठेव. कुठल्या पाण्यात ठेव, हे सांगायचं राहून गेलं. शेतातल्या शंख्या माणूस शेतातल्याच पाण्यात ठेवणार, त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी नऊला देवळाच्या मंडपात पन्नास-साठ माणसं जमली. मेजावर काचेचे सहा कोप, म्हणजे पेले, मांडले, प्रत्येकात पाणी आणि चार-चार शंख्या, आणि मेज असं सरकवलं की ऊन थेट कोपांवर पडावं. हर्षाने सूक्ष्मदर्शक लावून त्यातलं चित्र छोट्या पडद्यावर घेतलं. सुमंगलाबाईंनी सगळं समजावून सांगितलं, खास आपल्या बोलीत, आणि शेवटी म्हणाल्या, "अर्धो तास थांबा. तो स्वताच भायर येतलो."

अर्धा तास झाला, पाऊण झाला. हर्षाने सहाही कोपांतलं पाणी थेंब थेंब करून बघितलं. पडद्यावर चिखलाचे दोन कण आणि एक शेवाळाची काडी, एवढंच दिसलं. मंडपात मागच्या बाजूला कोणीतरी हसलं.

रुद्रेश उभा राहिला. तो उद्धट नव्हता, उलट अगदी अदबीने बोलला, आणि तेच जास्त लागलं. "मॅडम, तुमी मोठ्यो माणसां. पण किडो काय इलो नाय. आमच्या बायलांच्या पायांक खाज येता ती तर खरी ना? मगे ती पाण्याचीच."

हर्षा जवळ येऊन कुजबुजली, "मॅडम, डीएनए तर पॉझिटिव्ह होता. माझंच काही चुकलं असेल का?"

"तुझं चुकलेलं नाही."

"नक्की?"

सुमंगलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "गुरुवारच्या शंखीत होता, तर रविवारच्या शंखीत असायलाच हवा. मध्ये शंखीचं काहीतरी झालंय."

त्यांनी कोपातली एक शंखी उचलून तळहातावर घेतली. एरवी पाण्यात पाच मिनिटांत अंग बाहेर काढून फिरायला लागणारा हा प्राणी आत खोल ओढून बसला होता, आणि तोंडाशी जाड बुळबुळीत थर जमला होता. मग त्यांनी बाबलीची बाल्दी मागवली. बाल्दी रिकामी होती, पण आत कडेला एक पांढरी रेघ वाळून बसली होती. सुमंगलाबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं. एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर त्यांनी त्याला त्याच क्षणी प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं. हर्षाने तर डोळेच मिटून घेतले.

"हेच्यात मीठ कोणी घातलां?"

बाबली आपल्या बायकोकडे बघायला लागला. गंगा खांबाजवळ बसली होती, पंचेचाळिशीची, सडपातळ, हातांवर खाजवून पडलेले काळे डाग. ती उठली. तिला बोलायचं नव्हतं हे दिसत होतं. साठ माणसांसमोर, तेही पुरुषांच्या पुढ्यात, आपला वेडेपणा कबूल करायचा म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. तरी ती बोलली.

"मी घातलंय, बाय. हेनी शंख्यो हाडल्यो तेवा चिखल भरलेलो. तिसऱ्यो हाडल्यो की रातभर मिठाच्या पाण्यात घालूक व्हयो ना, माती ओकूक? आमी तशेच करतव. तुमी चार लोकांत दाखवतल्यास, मगे म्हटलां, तशोच घाण कश्यो देवच्यो? सकाळी गोड्या पाण्यान धुतलंय पण."

खाण्याच्या शिंपल्यांची रीत शेतातल्या शंख्यांना! मंडपात असा हशा उठला की देवळातली कबुतरं उडाली. "अक्कल खंय ठेवलंस गो?" बाबली ओरडला.

खरं सांगायचं तर सुमंगलाबाईंनाही क्षणभर संताप आला. गोड्या पाण्यातल्या शंखीला रात्रभर मिठात ठेवायचं! कृमी बाहेर पडला असेल तो रात्रीच मिठात मेला, आणि शंखीही अर्धमेली झाली. पण गंगाने जे केलं ते गोव्यातल्या कुठल्याही घरात कोणत्याही बाईने केलं असतं. त्यांच्या आईनेसुद्धा. हे ज्यांना आधी सुचायला हवं होतं त्या खुद्द पेडण्याच्या असून पणजीत व्याख्यान झोडत बसल्या होत्या.

"बाबली, गप ऱ्हव," त्या म्हणाल्या. "तिना सांगलां नसता तर आज मी हंयसून तोंड काळां करून गेलंय असतंय." मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि त्या गंगाकडे वळल्या. "गंगा, तुजा म्हायेर खंय?"

"नार्व्याक. न्हयच्या काठार."

"थंय शेतात उतरायचंस?"

"उतरूक नाय तर! आमचा खाजन. भरतेचा खारा पाणी शिरता. लग्नापयलां धा वर्सां लावणी केलंय."

"खाज येय?"

गंगा विचार करत राहिली. आता कोणी हसत नव्हतं, कारण प्रश्नाचं टोक हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येत होतं. "नाय," ती सावकाश म्हणाली. "थंय कोणाकच खाज येय नाय. कधीच नाय."

"कशी येतली? ही शंखी खाऱ्या पाण्यात जगनाच. रातभर मिठात घातलंस तर तिची काय दशा झाली ती सगळ्यांनी बघलास." सुमंगलाबाई रुद्रेशकडे वळल्या. "तुजा खरां, रुद्रेश. खाज पाण्यावांगडाच इली. पंप चालू झालो, हिवाळोभर गोडा पाणी उभा ऱ्हवलां, पाटात म्हशी लोळूक लागल्यो, शंख्यो वाढल्यो. पण पाण्यात इख असता तर आधी ती शंखी मेली असती."

हे सांगताना त्यांच्या आवाजात जोर होता, आणि मनात थोडी लाजही होती. खारं पाणी आणि शंखी यांचं नातं त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं, आलेखासकट. पण नार्व्याची माहेरवाशीण शोधून तिला दोन प्रश्न विचारावेत, हे एकतीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

रुद्रेश म्हणाला, "चला मगे शेतात. परत दाखवा."

सगळी वरात शेतात उतरली. सुमंगलाबाईंनी या वेळी कोणालाच शंख्या वेचू दिल्या नाहीत. साडीचा ओचा खोवून, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून त्या स्वतः बाबलीच्या शेतात शिरल्या आणि तीन वाफे फिरून साठ शंख्या घेऊन बाहेर आल्या. दोन बाल्द्या बांधावर मांडल्या. दोन्हींत पाणी थेट पंपाच्या तोंडातून भरलं, रुद्रेशने स्वतः. एका बाल्दीत शंख्या सोडल्या, दुसरीत काहीच नाही. ऊन चांगलं चढलं होतं. वीस मिनिटांतच हर्षाने पहिल्या बाल्दीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि तिच्या तोंडून आपोआप "आले!" निघालं.

पडद्यावर ते वळवळत होते, डझनावारी. "शेपडेक दोन फाटे आसत रे!" कोणीतरी ओरडलं आणि पडद्यासमोर रेटारेटी सुरू झाली.

रुद्रेशने सगळ्यांच्या शेवटी बघितलं. बराच वेळ बघितलं. "किडो दिसलो, मॅडम. पण खाज हेचीच कशावरसून?"

सुमंगलाबाईंना हा प्रश्न मनापासून आवडला. त्यांच्या पहिल्या शोधनिबंधावर परदेशातल्या परीक्षकाने नेमकी हीच शंका काढली होती, आणि तिला उत्तर द्यायला त्यांना दोन वर्षं लागली होती. इथे तेवढा वेळ नव्हता. त्यांनी पहिल्या बाल्दीतल्या शंख्या गाळून काढल्या, हातमोजे उतरवले आणि बाही कोपराच्या वर सारली.

"तुमी नाय, बाय." गंगा पुढे आली होती. "तुमच्या हाताक हंय कोण वळखता? तुमका खाज इली तर म्हणतले शेरातल्या बायलेची कातडी, नाजूक. माजो हात दोन वर्सां सगळो वाडो बघता."

"चार दिस खाजतलां, गंगा. किडो कातडीत मरता, भितर जायत नाय, दुसरां काय जायत नाय. पण खाज बरीच येतली. मी सांगतंय म्हणान करू नको."

"खाज माका काय नवी?" गंगा म्हणाली. "आणि मीठ मीच घातलंय ना? मगे हातय मीच घालतंय."

तिने डावा हात नुसत्या पंपाच्या पाण्यात बुडवला आणि उजवा शंख्यांच्या पाण्यात. सुमंगलाबाईंनी तरीही आपला उजवा हात तिच्या हाताशेजारी बुडवला. तिला एकटीला सोडणं त्यांना बरोबर वाटलं नाही. बांधावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. कोणीतरी उंडे, म्हणजे गोल पाव, आणि चहा घेऊन आलं. गंगाचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून बाबलीने चहात बुडवून उंड्याचा तुकडा बायकोच्या तोंडात घातला. त्यावर बायकांनी त्याला जे पिडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पंधरा मिनिटांनी दोघींनी हात बाहेर काढून उन्हात धरले. सुमंगलाबाईंना खात्री होती, नक्की होती, तरी त्यांची नजर गंगाच्या हातावरून हटत नव्हती. या बाईचा हात आज गप्प राहिला, तर सेहेचाळीस निबंध इथल्या बांधावर कोणाच्याही कामाचे नव्हते.

गंगाने एकदम उजवा हात झटकला. मग हाताकडे बघितलं. कोपराखाली बारीक लाल ठिपके उमटायला लागले होते, एक, तीन, सात. तिच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की जणू घरात लग्न ठरलंय.

"येता!" ती ओरडली. "खाज येता गो बाय! येता!"

माणसाला खाज आली म्हणून साठ माणसांना इतका आनंद झाल्याचं आंबेव्हाळाने त्याआधी कधी बघितलं नसेल. बायका तिचा हात ओढून ओढून बघत होत्या. रुद्रेशने मात्र तिचा डावा हात हातात घेतला. त्यावर आधीचे काळे डाग होते, नवीन एकही नव्हता. त्याने तो हात उलटासुलटा करून तपासला.

"पंप चालू ऱ्हवांदे," तो म्हणाला. "आता करूक काय व्हया ता सांगा."

करायचं ते अवघड नव्हतं. म्हशींना पाटात सोडायचं नाही, त्यांच्या डुंबण्यासाठी वेगळी जागा करायची. पाट आठवड्यातून दोन दिवस कोरडा ठेवायचा. आणि शेतात उतरण्याआधी हातापायांना कोकमाचं तेल चांगलं चोपडायचं, म्हणजे किड्याला कातडीत शिरणं कठीण जातं. हे शेवटचं ऐकून एक म्हातारी म्हणाली, की तेल तर तिची सासू लावायचीच, खाणी येण्याआधी. सुमंगलाबाईंनी वही काढून तिचं नाव आणि सासूचं गाव लिहून घेतलं. आता असं काही सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वायंगणाची लावणी बुधवारी सुरू करायचं ठरलं.

निघताना गंगाने सुमंगलाबाईंचा उजवा हात उचलून बघितला. त्यावर एकही ठिपका नव्हता. "तुमका इलीच नाय! शिकपान वाचवलां तुमका," ती म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

हर्षा गाडी चालवत होती. सुमंगलाबाईंना त्या दिवशी पेडण्याच्या घरी जायचं होतं. कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत हर्षा निबंध कुठे पाठवायचा, नार्व्याच्या खाजनातून किती नमुने घ्यायचे, गंगाची बाल्दी त्यात कशी मांडायची, हेच बोलत होती. पूल संपला आणि सुमंगलाबाईंच्या मनगटाजवळ काहीतरी चुरचुरलं. त्यांनी बाही वर केली. चार ठिपके. मग सहा.

एकतीस वर्षं त्यांनी या किड्याला हातमोजे घालूनच हात लावला होता. त्याची शेपूट मोजली, त्याचा डीएनए वाचला, त्याचं कुळ लावलं. त्याची खाज मात्र नववीनंतर आज पहिल्यांदा येत होती. ती साधीसुधी नव्हती. हाडापर्यंत पोचणारी, दुसरं काही सुचू न देणारी. आणि आई ती अंगावर घेऊन वर्षानुवर्षं गुडघाभर चिखलात उभी राहिली होती, वर आपलंच काही चुकलं म्हणत.

पीएचडी झाली तेव्हा त्यांनी आईला सगळं समजावून सांगितलं होतं. कृमीचा फोटो दाखवला होता, आलेखही दाखवला होता. आईने फोटोकडे बघून "आसात", म्हणजे असेलही, म्हटलं, आणि मरेपर्यंत दर वर्षी राखणदाराचा नारळ बाजूला काढून ठेवला. मुलीवर तिचा विश्वास नव्हता असं नाही. पण मुलीने तिला कागदच दाखवले होते. हात कधी दाखवला नव्हता. दोन बाल्द्या पुरल्या असत्या.

सुमंगलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. कारण दुसऱ्या हाताची नखं कामात होती.

"मॅडम, खाजवू नका," हर्षा आरशात बघत म्हणाली. "तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

"सांगते ना," सुमंगलाबाई म्हणाल्या, आणि आई ओरबाडायची तसा हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडत राहिल्या. "उद्यापासून परत सांगेन."